क्रॉसओव्हरमधला महाग कपॅसिटर: पैसे कुठे वसूल होतात

स्पीकरमध्ये उंच आणि खालचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे वाटून देणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. चांगल्या स्पीकरमध्ये त्यातला कपॅसिटर बदलला की आवाज बदलतो, हे खरं आहे. पण बहुतेक वेळा तो बदल ब्रँडचा नसतो, आकड्याचा असतो. म्हणून खरेदीआधी एलसीआर मीटर (कपॅसिटर, कॉइल, रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) हातात घ्या.

८ ओहमच्या ट्वीटरला (उंच सुरांच्या छोट्या ड्रायव्हरला) ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर साध्या फर्स्ट ऑर्डर, म्हणजे एकाच पार्टच्या फिल्टरचा कट (ज्याच्या खालचे सूर ट्वीटरला कमी कमी होत जातात ती जागा) २,९०० हर्ट्झच्या आसपास येतो. तोच कपॅसिटर २० टक्के कमी भरला, तर कट ३,६५० वर जातो. तानपुऱ्याच्या जवारीचा झणकार याच पट्ट्यात पसरलेला असतो. डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये एवढी तफावत असली की तानपुरा एका जागी बसत नाही. आत ओलं रसायन असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अशी तफावत सर्रास मिळते. शिवाय वय झालं की तो सुकतो, आतला रेझिस्टन्स वाढतो आणि ट्वीटर दबतो. तिथे ५ टक्के टॉलरन्सचा (छापील आकड्यापासून तेवढाच फरक असलेला) साधा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर घाला, जोडी मोजून लावा. हा खर्च शंभर टक्के वसूल. त्यापुढे चांदीच्या फॉइलसाठी कित्येक पट पैसे मोजणं मला पटत नाही. व्होल्टेजचंही तसंच. ८ ओहमवर १०० वॅट म्हणजे शिखराला ४० व्होल्ट. २५० चा कपॅसिटर भरपूर झाला.

खरी फसगत पुढे आहे. मूळ डिझायनरने जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा आतला रेझिस्टन्स हिशेबात धरलेला असतो. फिल्म कपॅसिटरमध्ये तो जवळजवळ शून्य. १ ओहम गेला की ८ ओहमचा ट्वीटर साधारण १ डेसिबलने वर येतो. सुरुवातीला त्यालाच लोक ‘डिटेल वाढलं’ म्हणतात, आणि नंतर गायकाचा ‘स’ टोचायला लागतो. उपाय स्वस्त आहे: गेलेला रेझिस्टन्स, म्हणजे अर्धा ते एक ओहम, सिरीजमध्ये लावा.

क्रॉसओव्हरमधल्या, वूफरच्या (खालच्या सुरांच्या मोठ्या ड्रायव्हरच्या) कॉइलचं याच्या उलट होतं. लोखंडी कोअर काढून तेवढ्याच मिलीहेन्रीची एअर कोअर (आत लोखंड नसलेली) घातली आणि तार बारीक निघाली, तर तिच्या रेझिस्टन्सचे ०.२ ओहमचे ०.६ होतात आणि बास सैल पडतो. एअर कोअर घ्यायचीच तर जाड तारेची. ती वजनदार आणि महाग असणारच. दोन कॉइल शेजारी असतील तर एकमेकींना काटकोनात बसवा.

हे सगळं करण्याआधी खोली बघा. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि १२ बाय १२ ची खोली ही आपल्या कोल्हापुरातली नेहमीची मांडणी. तिथे लांबी-रुंदी दोन्हीकडून ४७ हर्ट्झलाच घुमारा उठतो आणि कुठलाही कपॅसिटर तो घालवू शकत नाही. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, बसायची जागा खोलीच्या मधोमध ठेवू नका, समोर जाड सतरंजी टाका. जुन्या वूफरची फोमची कडाही तपासा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती भुगा होते. कडा फाटलेली असताना क्रॉसओव्हरवर खर्च करण्यात अर्थ नाही.

फिल्म कपॅसिटर आकाराने बराच मोठा असतो, जुन्या जागेत मावत नाही. नुसत्या हॉट ग्लूवर सोडला तर सुटून खडखडतो. बोर्डला दोन भोकं पाडून केबल टायने आवळा. आणि आधी एकाच स्पीकरचं काम करा. दोन्ही शेजारी ठेवा, मोनो सिग्नल द्या, पातळी माइकने जुळवा आणि आलटून पालटून ऐका. फरक कळला नाही, तर दुसऱ्या स्पीकरचे पार्ट मागवू नका.