अरण्मनैक्कारन तेरु

रिक्षावाल्याला मी तीनदा ‘आर्मेनियन चर्च’ म्हणून सांगितलं. एकदा हळू, एकदा मोठ्याने आणि एकदा हातवारे करून. तिन्ही वेळा त्याने मान हलवली, रिक्षा काही हलवली नाही. शेवटी मावशी माझ्या कानाजवळून ओरडली, “अरण्मनैक्कारन तेरु!” आणि रिक्षा सुटली.

अरण्मनै म्हणजे राजवाडा, तेरु म्हणजे रस्ता. ‘आर्मेनियन’ हा शब्द तमिळ जिभेला रुचला नसावा, म्हणून तिने त्याच्या अंगावर आपला ओळखीचा शब्द चढवला. झाली राजवाडेवाल्यांची गल्ली! आपणही लॉर्डाचा लाट केला, मॅडमची मड्डम केली, पण त्या व्यवहारात कुणाला राजवाडा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मावशी चेन्नईत बत्तीस वर्षं आहे. पॅरीज कॉर्नरच्या या गल्ल्यांत मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापण्यापासून स्टीलच्या डब्यांपर्यंत सगळ्यासाठी तिच्या खेपा झाल्या, पण या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. “बाहेरून बघितलंय की,” ती म्हणाली. बाहेरून दिसतं ते एवढंच: हायकोर्टासमोरच्या गर्दीत एक जुना दरवाजा.

आत शिरल्यावर मात्र ती गप्प झाली. अंगणात खुरचाफ्याची झाडं, पांढऱ्या भिंती, आणि मुख्य चर्चपासून चार पावलं सुटा उभा असलेला घंटांचा मनोरा. इथलं पहिलं चर्च १७१२ चं, आत्ता दिसतं ते १७७२ चं. मावशीने फाटकाशीच चपला काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण देवाच्या दारात ती चपला काढतेच, देव कुणाचा का असेना. दोन पावलं पुढे गेली आणि थबकली.

“अगं, खाली अक्षरं आहेत.”

अंगणातल्या फरश्या म्हणजे थडगी होती. साडेतीनशेच्या आसपास माणसं इथे पुरली आहेत. दगडांवर कोरलेली आर्मेनियन अक्षरं घोड्याच्या नालांसारखी: एक नाल उताणा, एक पालथा, एकाला शेपटी फुटलेली. मेस्रोप माश्टोत्स नावाच्या साधूने इसवी सन ४०५ च्या सुमारास ही लिपी घडवली. आपल्याला ती काळ्या दगडावरची नक्षी वाटते, आणि नक्षीवर पाय ठेवायला काही वाटत नाही. पण मावशीला ती अक्षरं आहेत एवढं पुरेसं होतं. पाटीपुस्तकाला पाय लागला की हात लावून नमस्कार करणारी तिची पिढी. एका हाताने साडी धरून, दगडांमधल्या सांध्यांवरून तिरकी तिरकी चालत ती सावलीला पोचली. लंगडी खेळणाऱ्या मुलीसारखी. वय वर्षं चौसष्ट.

ही माणसं इथे कशी आली? इराणचा बादशहा शाह अब्बास याने १६०४-०५ मध्ये अरास नदीकाठच्या जुल्फा गावातले आर्मेनियन उठवले आणि इराणात इस्फहानजवळ नेऊन वसवले. त्या वस्तीचं नावही जुल्फाच, नवं जुल्फा. गाव गेलं तरी नाव सोबत घेऊन जायचं, ही यांची खोड दिसते. तिथून रेशमाच्या आणि रत्नांच्या व्यापाराबरोबर ते सुरतेला, मुंबईला, मद्रासला, कोलकात्याला पोचले. मुंबईतही फोर्टमध्ये त्यांचं चर्च आहे, ज्याच्या बाजूने मी कित्येक वर्षं मान वर न करता ऑफिसला गेले. तेव्हा मावशीला हसायचा मला अधिकार नाही.

अंगणात हरुत्युन श्मावोन्यान या धर्मगुरूंचंही थडगं आहे. त्यांचे दोन मुलगे आठवड्याभरात गेले. ते दुःख घेऊन माणूस शिराझला गेला, फारसी शिकत राहिला, मग परत मद्रासला आला. इथे छापखाना काढला आणि १७९४ मध्ये ‘आझ्दारार’ सुरू केलं. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक, आणि ते निघालं मद्रासेत! आपलं ‘दर्पण’ निघायला तेव्हा अडतीस वर्षं बाकी होती. अठरा अंक निघाले नि बंद पडलं. त्याच्या थोडं आधी याच शहरात शाहामिर शाहामिर्यान या व्यापाऱ्याने स्वतंत्र आर्मेनियाची राज्यघटना छापवून घेतली होती. देश तेव्हा नकाशावर नव्हता. व्यापारी माणूस असा उधारीवर माल छापत नाही, म्हणून मला हे फार आवडलं.

“आणि सैदापेटचा पूल?” मावशीने विचारलं. मी वाचून आलेली असल्यामुळे ती माझी परीक्षा घेत होती. तो पूल पेत्रोस वोस्कान या आर्मेनियनाने १७२६ मध्ये स्वतःच्या पैशाने अड्यार नदीवर बांधला. त्याला म्हणायचे मार्मलाँग पूल. आता जुन्याच्या जागी नवा आहे आणि नाव मरैमलै अडिगळ या तमिळ विद्वानाचं आहे, पण सुरुवातीचा ‘मर’ तेवढा कानाला जुळतो. बत्तीस वर्षं त्या पुलावरून जाऊन मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. याचा राग तिने माझ्यावर काढला.

रविवार होता. त्याच रस्त्यावर पुढे कॅथलिकांचं सेंट मेरीज को-कॅथेड्रल आहे, तिकडे माणसं लगबगीने निघाली होती. इकडे आम्ही दोघी आणि झाडूवाली बाई. चेन्नईत आता चर्च भरेल इतके आर्मेनियन नाहीत. देखभाल होते ती कोलकात्याच्या आर्मेनियन चर्च कमिटीकडून.

साडेनऊला घंटा सुरू झाल्या. मनोऱ्यात सहा आहेत. दर रविवारी याच वेळेला त्या वाजवतात, प्रार्थनेला कुणी येवो न येवो. त्यांतल्या एकीवर म्हणे तमिळ अक्षरं आहेत. पहिला टोल पडला तेव्हा मनोऱ्यातली कबुतरं उडालीसुद्धा नाहीत. मोठा आवाज अंगावरून गेला, मागून बारका आला, मग दोघे एकमेकांत मिसळून पायाखालच्या दगडात उतरले. अनवाणी असल्यामुळे मावशीला ते माझ्याआधी कळलं. “खालून येतंय बघ,” म्हणाली. मग मीही चपला काढल्या. झाडूवाली बाई झाडत राहिली. चाफ्याची फुलं ती एका बाजूला गोळा करत होती, पाचोळा दुसऱ्या.

घंटा थांबल्यावर मावशीला घाई झाली, सांबाराला फोडणी द्यायची होती. जाताना पुन्हा तिरकी तिरकी चालत, सांध्यांवरून. फाटकाशी तिने चपला घातल्या तोवर आईचा फोन आला: कुठे आहात दोघी सकाळपासून?

मावशीने फोन माझ्याकडून ओढून घेतला. “राजवाड्यात गेलो होतो,” ती म्हणाली. “नाही गं, मालक भेटले नाहीत.”