बोटभर रस्ता

आयर्लंडमधला डब्लिन ते गॉलवे हा मोटरवे आपल्या एक्सप्रेसवेसारखाच. दोनशेएक किलोमीटर, वाटेत टोल, दोन्हीकडे हिरवंगार, आणि मागच्या सीटवर आमचे हे घोरतायत. सांगण्यासारखं काही नाही. खरा प्रवास सुरू झाला तो गॉलवे मागे टाकून कॉनेमारा भागात शिरल्यावर. रस्ता आधी दोन गाड्यांचा होता, मग दीड गाडीचा झाला, मग एका गाडीचा, आणि शेवटी त्याच्या बरोब्बर मधोमध गवत उगवलं.

डांबरी रस्त्यावर गवत! दोन बाजूंना चाकांपुरतं डांबर आणि मध्ये हिरवा भांग. गाडीच्या पोटाला ते खालून सरसर घासायचं आणि भाची त्या आवाजाला हसायची. गाडी धाकटा भाऊ चालवत होता. तो गेली बारा वर्षं डब्लिनात आहे. त्याच्या डाव्या हाताला आई, वय शहात्तर, मांडीवर दशम्यांचा डबा. मागे मी आणि हे, मध्ये भाची. भावजयीला सुट्टी मिळाली नव्हती, दशम्या मात्र तिनंच करून दिल्या होत्या.

समोरून एक जुनी लाल गाडी आली. भावानं आपली गाडी डावीकडच्या झुडपांत घातली. काटेरी फांद्या आईच्या काचेवर ओरबाडत गेल्या. समोरच्यानंही तेच केलं. दोन्ही गाड्या पोटं आत ओढून एकमेकींच्या अंगावरून गेल्या, आणि जाताना समोरच्या म्हाताऱ्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. हात नाही, फक्त तर्जनी. भावानंही उचललं.

"कोण रे तो?" आईनं विचारलं.

"कुणास ठाऊक."

"मग त्यानं ओळख दाखवली ती?"

"ओळख नाही गं. इथं असंच करतात."

आईला ते पटलं नाही. ओळख नसताना ओळख दाखवायची म्हणजे काय? तिचा तर्क असा, की या दोघांचं कधीतरी काहीतरी झालेलं असणार आणि मुलगा आपल्यापासून लपवतोय.

मला मात्र त्या बोटानं पकडलं. आपल्याकडे गाडीतून कुणी बोट वर केलं, तर ते कोणतं बोट होतं यावर पुढचं सगळं अवलंबून. एरवीही मराठीत बोटाचं फारसं बरं चाललेलं नाही. दाखवलं की आरोप, ठेवलं की चूक, मोडली की शाप, आणि आपण होऊन दिलं तर समोरचा हातच धरतो. इथं ते बिचारं स्टिअरिंगवर बसल्या बसल्या नुसतं उभं राहत होतं, वर्गातल्या शहाण्या मुलासारखं.

भाचीनं वहीत बोटं मोजायला घेतली. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस झाली. त्यांचे प्रकारही लक्षात आले. अनोळखी माणसाला एक बोट. तोंडओळख असेल तर चार बोटं, अंगठा मात्र स्टिअरिंगलाच. चांगली ओळख असेल तर दोघंही गाड्या जागीच उभ्या करतात, काचा खाली घेतात आणि बोलत बसतात. रस्ता बंद. मागचा माणूस मुकाट्यानं थांबतो. आमच्यापुढे असे दोघं चार-पाच मिनिटं बोलत राहिले तेव्हा आईनं विचारलं, "या गाड्यांना हॉर्न बसवत नाहीत का?"

बाकी असल्या रस्त्यांवर ८०ची मर्यादा होती, ती २०२५च्या फेब्रुवारीत ६०वर आणली. भावाचं म्हणणं, ६०नं तरी जाऊन दाखवावं कुणी. आमचा काटा पस्तिशीच्या वर क्वचितच गेला.

या रस्त्यांना आयरिश भाषेत नाव आहे. रस्ता म्हणजे 'बोहर', आणि असला पिटुकला असेल तर 'बोहरीन'. "बोहारीण?" आई एकदम मागे वळली. जुने कपडे द्यायचे राहून गेल्यासारखं तिला झालं असावं. पण शब्दाची गंमत पुढे आहे. 'बो' म्हणजे गाय. आपली 'गो' आणि त्यांची 'बो' एकाच मुळातून निघालेल्या, फार जुन्या मावसबहिणी. म्हणजे बोहर ही मुळात गुरांची वाट. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्यांच्या एका शब्दकोशात तिची रुंदीही सांगितली आहे: एक गाय लांबीनं आणि एक आडवी, एवढ्या मावल्या पाहिजेत. हे कळल्यावर मी त्या रस्त्यांकडे तक्रारीनं बघणं सोडलं. मापात चूक नव्हतीच, गाडीच गायीपेक्षा मोठी निघाली. आपल्या पाणंदी तरी कुणी मोटारीसाठी सोडल्या होत्या?

गडगे मात्र आईच्या ओळखीचे निघाले. दगडावर दगड, मध्ये माती नाही की चुना नाही, आणि फटींतून पलीकडचं आकाश दिसतंय. वारा अडवला तर भिंत पडते, म्हणून वाऱ्याला फटीतून वाट ठेवायची. गुहागरला आमच्या आगराभोवती असाच गडगा आहे, फक्त जांभ्याचा. या अशा कोरड्या रचाईच्या कलेला युनेस्कोच्या यादीत जागा आहे आणि २०२४मध्ये त्यात आयर्लंडचंही नाव आलं, असं भावानं सांगितलं. आई म्हणाली, "आमचा गेल्या पावसात ढासळलाय. त्यांना म्हणावं, येऊन बघा."

मेंढ्यांबद्दल एवढंच, की त्यांच्या पाठीवर निळे-तांबडे पट्टे होते, मालक ओळखता यावा म्हणून रंगवलेले, आणि त्या रस्त्यावरच बसत. आईच्या मते रंगपंचमी खेळून दमल्या होत्या.

किलरी हार्बरपाशी आम्ही दशम्या खायला थांबलो. समुद्राचा लांबलचक पट्टा दोन डोंगरांमधून आत घुसलेला, पाणी शाईसारखं. एका अंगाला किनाऱ्यालगत डोंगराच्या पोटावरून एक हिरवी रेघ जात होती. भाऊ म्हणाला, तो दुष्काळात बांधलेला रस्ता. १८४५ साली इथल्या बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं जेवण म्हणजे बटाटाच होता. पुढच्या सात वर्षांत दहाएक लाख माणसं गेली आणि तितकीच देश सोडून निघाली. आजही बेटाची लोकसंख्या तेव्हाच्या आकड्याला पोचलेली नाही. मजुरी द्यायची तर काम हवं, म्हणून उपाशी माणसांकडून रस्ते करून घेतले. त्यातले काही डोंगरात मध्येच संपतात. पलीकडच्या उतारांवर बटाट्याचे जुने वाफे अजून दिसतात. कंगव्यानं ओढल्यासारख्या रेघा आहेत, पीक मात्र नाही.

आईनं हातातली दशमी डब्यात ठेवली. तिचं सासर कोकणातलं, पण माहेर माणदेशातलं. बहात्तर साली ती बावीस-तेवीस वर्षांची होती. "आमच्याकडे खडी फोडायला बसवायचे," ती म्हणाली. "सुकडी मिळायची. आमच्या घरातल्या बायका कधी बांधावर गेल्या नव्हत्या, त्यापण गेल्या. माझ्या काकूच्या डोळ्यात कपची उडाली." काकूबद्दल हे आम्हा दोघा भावंडांना माहीत नव्हतं. काकूआजीचा एक डोळा अधू होता हे माहीत होतं. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. मग आईनं विचारलं, "मध्येच संपणारा रस्ता करताना त्यांना ठाऊक असेल का रे, की हा कुठं जात नाही?" भावानं उत्तर दिलं नाही. आईनं उरलेली दशमी घड्या घालून संपवली. टाकली नाही.

मोहरच्या कड्यांचं वर्णन वाचायला मिळेल अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांची मी माफी मागते. ते कडे समुद्रातून सरळ उठलेले आणि २१४ मीटरपर्यंत उंच आहेत. आम्ही पार्किंगचे पैसे भरले, वर गेलो, आणि धुकं बघून आलो. उत्तम धुकं होतं.

त्याच दुपारी नकाशानं आम्हाला क्लेअर जिल्ह्यातल्या एका अशा बोहरिनीत घातलं, की तिथं एक गायसुद्धा तिरकी झाली असती. वळणावर समोर ट्रॅक्टर, मागे ट्रॉली. मे महिना, कापलेलं गवत वाहायचे दिवस. ट्रॉलीसकट तो मागे जाणं शक्य नाही, म्हणजे जाणार आम्ही. भावानं मान वळवली आणि गाडी मागे घ्यायला लागला. मागे बसून नवऱ्यानं झोपेतून उठून "घे, घे, घे… बास!" सुरू केलं. 'घे' आणि 'बास' यांच्यात त्यांनी अंतरच ठेवलं नाही, त्यामुळे मागचं चाक चरात गेलं.

ट्रॅक्टरवरचा माणूस खाली उतरला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, सत्तरीचा असेल. आता हा काय बोलतोय म्हणून आम्ही गप्प. तो म्हणाला, "यू आर ग्रँड." ग्रँड म्हणजे भव्य वगैरे नाही. तिथं सगळंच ग्रँड असतं: तब्येत, हवा, चहा, चरातलं चाक. 'चालतंय हो, होतं असं' एवढाच त्याचा अर्थ. त्यानं दोर लावून आम्हाला बाहेर काढलं. मग रस्ता अडलेलाच होता तर चौकशी झाली. कुठले? इंडियाचे. इंडियात कुठले? भावानं नेहमीचं सांगितलं, लिओ वराडकरांच्या वडिलांच्या बाजूचे. तिथं हा पत्ता पिनकोडपेक्षा जलद पोचतो. या माजी पंतप्रधानाचे वडील सिंधुदुर्गातल्या वराड गावचे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. आईला राहवलं नाही. "वराड मालवणकडे. आमच्यापासून लांब पडतं," तिनं मराठीतून दुरुस्ती केली. त्या माणसानं गंभीरपणे मान हलवली.

तो पुन्हा ट्रॅक्टरवर चढला आणि तेवढ्यात ऊन पडलं. आईनं काच खाली केली आणि म्हणाली, "कुणीतरी खोबरं फोडलंय."

आम्हाला वाटलं, आता तिला घरची फार आठवण येतेय, लवकर परतलेलं बरं. पण मग वास मलाही आला. ओल्या खोबऱ्याचा, उन्हानं कोमट झालेला. आजूबाजूला एक माड नाही, बेटावरच नाही. भाऊ हसायला लागला. कुंपणावर पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप होतं, सगळीकडे दिसतं, गोर्स म्हणतात. ऊन लागलं की त्याच्या फुलांना हुबेहूब खोबऱ्याचा वास येतो. आई उतरली. काटे चुकवत एक फूल खुडलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग बोटाला लागलेला काटा काढत म्हणाली, "वास आहे. करवंटी कुठंय?" ते फूल तिनं दशम्यांच्या डब्यात टाकलं. रात्री डबा उघडला तेव्हा मात्र नुसता दशम्यांचा वास आला.

शॅनन नदी ओलांडायला किलीमर ते टार्बर्ट फेरीबोट आहे. वीस मिनिटं. धोपावे-दाभोळच्या फेरीबोटीवर जन्म काढलेल्या आईनं गाडीतून उतरायचीही तसदी घेतली नाही.

पलीकडे केरी जिल्हा. डिंगलच्या पुढे पाट्यांवरची इंग्रजी गळून पडते, नुसती आयरिश उरते. एका वळणाआधी रोमन अक्षरांत लिहिलं होतं 'गो मॉल'. भाचीनं ते आजीला वाचून दाखवलं. "इथं कुठला मॉल?" आईनं कड्याखाली फेसाळणाऱ्या अटलांटिककडे बघत विचारलं. त्याचा अर्थ 'सावकाश'. पुढचे दोन दिवस घरात जो तो दुसऱ्याला 'गो मॉल' म्हणत होता, विशेषतः नवऱ्याला गरम चहा पिताना.

स्ली हेडच्या टोकाला वळसा घालणारा रस्ता इतका अरुंद, की मोठ्या बसेस सगळ्या एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यासारख्या जातात. तुम्हीही तसंच जावं, नाहीतर बसच्या नाकासमोर मागे यावं लागतं. भावानं हे समजावून सांगितलं. आईला समजवायला लागलं नाही. "प्रदक्षिणा म्हण ना." टोकावर रस्त्याकडेला क्रूसावरच्या येशूची पांढरी मूर्ती आहे. प्रदक्षिणेत देव आलाच पाहिजे, तो आला. आईनं हात जोडले. समोर समुद्रात ब्लास्केट बेटं दिसत होती. थोरल्या बेटावरची शेवटची माणसं १९५३ साली सरकारनं किनाऱ्यावर आणली. घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत.

आणि तिथून निघाल्यावर, उलट्या दिशेनं आलेल्या एका चुकार गाडीला बाजू देताना, भावाच्या आधी आईचं बोट वर गेलं. तिच्यापुढे स्टिअरिंग नव्हतं, म्हणून तिनं ते दशम्यांच्या डब्यावरून उचललं. समोरच्या बाईनं भावाकडे न बघता आईला बोट केलं. भाचीनं वहीत नोंद केली आणि पुढे कंसात 'आजी' लिहिलं.

जूनमध्ये मी आईला गुहागरला सोडायला गेले. संध्याकाळी दोघी वाडीच्या रस्त्यानं फिरायला निघालो होतो. पाऊस नुकताच उघडला होता, रस्ता अरुंद, समोरून एसटी आली. आम्ही गडग्याला चिकटून उभ्या राहिलो आणि आईनं सवयीनं बोट वर केलं.

एसटी करकचून थांबली. दार उघडलं. "चला आजी, लवकर," कंडक्टर म्हणाला.

आता त्याला काय सांगणार? दोघी चढलो आणि पुढच्या थांब्यापर्यंत तिकिटं काढली. आईचं फुकट, माझं अर्धं.