कयामतीच्या खुणा आणि उतावीळ माणसे

ग्वाल्हेरहून झाशीकडे जाताना डबऱ्याच्या अलीकडे आंतरी लागते. तिथे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलची कबर आहे. १६०२ मध्ये शहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला वाटेत गाठून मारले, हे इथल्या मराठी घरांत बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या वडिलांना, शेख मुबारक नागोरींना, अर्धशतकापूर्वी कयामतीविषयीच्या एका वादाची केवढी झळ बसली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

जौनपूरच्या सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांनी मक्केत आणि नंतर गुजरातेत स्वतःला महदी, म्हणजे जगाच्या अखेरीस न्याय स्थापन करण्यासाठी येणारा मार्गदर्शक, म्हणून घोषित केले. त्यांचे अनुयायी ‘दायरा’ नावाच्या वस्त्यांत राहत आणि मिळालेले सगळे समान वाटून घेत. हिजरी सनाचे सहस्रक भरत आले होते आणि अनेकांच्या मनात काहीतरी घडणार अशी हुरहूर होती. बयान्याचे शेख अलाई या पंथात आले. त्यांचे साथीदार शस्त्रे बाळगत आणि बाजारात धर्मबाह्य काही दिसले तर बळाने थांबवत, असे अकबराच्या काळातला इतिहासकार बदायुनी लिहितो. इस्लामशाह सूरच्या दरबारातील मोठ्या मौलवींनी त्यांच्यावर पाखंडाचा ठपका ठेवला आणि १५५० मध्ये फटके खाताना अलाईंचा जीव गेला. शेख मुबारकांनी त्यांची बाजू घेतली होती. त्यामुळे त्यांच्यावरही ‘महदवी’ असा शिक्का बसला, आणि तो पुसता पुसता त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली. हा इस्लामशाह पुढे ग्वाल्हेरच्याच मुक्कामी वारला. कयामतीची भाकिते बंडखोराच्या हाती शस्त्र होतात हे खरेच, पण ‘हा महदीवाला आहे’ हा आरोपही सत्तेच्या हाती तितक्याच सहजपणे शस्त्र होतो, हे या प्रकरणात मला पहिल्यांदा नीट दिसले.

मूळ परंपरेत काय आहे, ते आधी पाहायला हवे. कयामतीची वेळ केवळ अल्लाहला ठाऊक आहे, असे कुराण एकाहून अधिक ठिकाणी सांगते. जिब्रील या देवदूताच्या प्रसिद्ध हदीसमध्ये (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींचे कथन) तर खुद्द पैगंबर म्हणतात की ज्याला विचारले आहे त्याला विचारणाऱ्याहून याविषयी अधिक काही माहीत नाही. महदी हा शब्द कुराणात या अर्थाने येत नाही. त्याचा तपशील अबू दाऊद, तिर्मिझी, इब्न माजा यांच्या नवव्या शतकातील संग्रहांत आढळतो. दज्जाल हा अखेरच्या काळातला महाठक, ईसांचे (येशूचे) पुनरागमन, याजूज-माजूज या विध्वंसक टोळ्या, खुरासानातून येणारे काळे झेंडे ही सारी कथने एका तोलाची नाहीत. प्रत्येक कथनाआधी ते कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी दिलेली असते, आणि त्या साखळीतील माणसांच्या विश्वासार्हतेवरून कथन पक्के की कमकुवत हे ठरवण्याचे एक मोठे शास्त्र मुसलमान विद्वानांनीच उभे केले. काळ्या झेंड्यांची अनेक कथने त्यांनीच कमकुवत ठरवली आहेत. इसवी सन ७४७ मध्ये अब्बासी पक्षाने खुरासानातच काळे झेंडे उभारून तेव्हाच्या सत्ताधारी उमय्या घराण्याविरुद्ध उठाव केला होता, त्यामुळे ही कथने त्या राजकारणाला सोयीची होती, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. इतिहासकार इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात महदीविषयीची कथने एकेक करून तपासली आणि त्यांतली फारच थोडी टीकेतून सुटतात असा निर्वाळा दिला.

तरीही माणसे त्यांच्यासाठी मरतात आणि मारतात. २० नोव्हेंबर १९७९, म्हणजे १ मुहर्रम १४००, नव्या हिजरी शतकाचा पहिला दिवस. पहाटेची नमाज संपताच जुहैमान अल-उतैबीच्या शेकडो सशस्त्र लोकांनी मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली. काही शस्त्रे तर अंत्यप्रार्थनेसाठी आणलेल्या मृतदेहांच्या शवपेट्यांतून आत आली होती. ध्वनिक्षेपकावरून मुहम्मद अल-कहतानी हा महदी असल्याचे जाहीर झाले. हदीसमध्ये महदीचे नाव पैगंबरांचे आणि त्याच्या वडिलांचे नाव पैगंबरांच्या वडिलांचे असेल असे आहे, ते जुळत होते. काबाजवळ, रुक्न (काबाचा कोपरा) आणि मकाम (इब्राहीमांचे स्थान) यांच्यामध्ये, त्याच्याशी निष्ठेची शपथ घेतली जाईल असे आहे, तेही त्यांनी स्वतः जुळवून आणले. गटातल्या अनेकांना तोच महदी असल्याची स्वप्ने पडली होती, आणि ती पुरावा म्हणून धरली गेली. आता कथनात सांगितल्याप्रमाणे त्यांच्यावर चालून येणारे सैन्य वाळवंटात जमिनीत गडप व्हायचे तेवढे राहिले होते. सैन्य आले, पण गडप झाले नाही. मशिदीत बळ वापरण्याची परवानगी देणारा फतवा उलेमांकडून (धर्मपंडितांकडून) मिळवून सौदी सरकारने दोन आठवड्यांत मशीद सोडवली. कहतानी आतच मारला गेला आणि जानेवारी १९८० मध्ये जुहैमानसह ६३ जणांचा शिरच्छेद झाला.

या घटनेत मला सर्वांत बोलका वाटतो तो शपथेचा प्रसंग. महदीला लोक ओळखतील आणि त्याच्या मनाविरुद्ध त्याला पुढे आणतील, असे परंपरा सांगते. इथे त्याची नेमणूकच झाली. वाट पाहण्याची गोष्ट करून दाखवण्याची झाली की श्रद्धेचा पंचांगाशी, नकाशाशी आणि बंदुकीशी एकदम सांधा जुळतो. शिया परंपरेत तर महदी मानले जाणारे बारावे इमाम ९४१ पासून पूर्ण अज्ञातवासात आहेत, आणि त्यांच्या येण्याची वेळ ठरवून सांगणारे खोटे बोलतात अशी इमामांचीच वचने उद्धृत केली जातात.

आयसिसने नकाशा निवडला. रोमन सैन्य अल-आमाक किंवा दाबिक येथे उतरेल, असे एक कथन सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. उत्तर सीरियातल्या त्या लहानशा गावाचे नाव त्यांनी २०१४ मध्ये आपल्या नियतकालिकाला दिले आणि रोमन म्हणजे पाश्चात्त्य फौजा असे ठरवून टाकले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तुर्कस्तानचा पाठिंबा असलेल्या सीरियन बंडखोरांनी, म्हणजे मुख्यतः सुन्नी मुसलमानांनीच, ते गाव फारशा प्रतिकाराशिवाय घेतले. तेव्हा ही ती लढाई नव्हेच, असा खुलासा आला. भाकीत चुकत नाही, तारीख पुढे जाते. आपल्याकडेही कलियुगाच्या समाप्तीची वर्षे सांगणारे महाराज असेच निभावून नेतात.

‘याचा धर्माशी काही संबंध नाही’ हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही, कारण कथने पुस्तकात आहेत आणि ती उचलणारे ती पाठ म्हणून दाखवतात. पण त्यांतून हिंसा अटळपणे निपजते हेही खोटे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुदानात मुहम्मद अहमदने महदी म्हणून खार्तूम जिंकले, आणि त्याच सुमारास पंजाबात मिर्झा गुलाम अहमदांनी महदी असल्याचाच दावा करून तलवारीचा जिहाद या काळात नाकारला. (त्यांच्या अनुयायांना, अहमदियांना, त्या दाव्याची जी किंमत आजही मोजावी लागते, तो वेगळा विषय.)

हे लिहायला निमित्त झाले ते आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या ‘गजवा-ए-हिंद’च्या, म्हणजे हिंदवर मुसलमान सैन्याची स्वारी होईल या भाकिताच्या, चित्रफितीचे. आमच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू शिक्षकांनी मला ही कथने नसाईच्या संग्रहात काढून दाखवली. ती बुखारी आणि मुस्लिम या सर्वांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या संग्रहांत नाहीत. पैगंबरांचे साथी अबू हुरैरा यांच्या नावावरची अनेकांनी कमकुवत मानली आहेत, दुसरे साथी सौबान यांच्या नावावरचे एक काहींनी ग्राह्य धरले आहे. चौदाव्या शतकातला विद्वान इब्न कसीर तर या भाकिताच्या संदर्भात महमूद गझनीच्या स्वाऱ्यांचा उल्लेख करतो, म्हणजे गोष्ट होऊन गेलेली धरतो. आज ते जिवंत ठेवणारे सीमेपलीकडचे जहाल प्रचारक आहेत आणि शेजाऱ्याची भीती दाखवण्यासाठी तीच फीत पुढे ढकलणारे इथले लोकही आहेत. मी गटावर हे सगळे सविस्तर लिहिले. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने ‘उत्तम माहिती’ असे कळवले, आणि संध्याकाळी तीच फीत वेगळ्या संगीतासह पुन्हा आली.