पासष्ट किलोच्या गड्याला रोज किती प्रोटीन?

किलोमागे १.६ ग्रॅम. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर हिशोब इथून सुरू करायचा. ६५ किलोच्या पोराला रोज साधारण १०४ ग्रॅम. २.२ च्या वर गेलं की खिशाला झळ बसते, दंडाला काही मिळत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेला किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आकडा बऱ्याच जणांना पाठ असतो. तो धडधाकट माणसाच्या रोजच्या गरजेचा आहे, दंड फुगवण्याचा नाही. पोट सुटलेलं असेल तर काट्यावरचं वजन धरू नका. उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा करा. उंची १७० आणि वजन ९५ असेल तर हिशोब ७० किलोचाच.

सांगली-साताऱ्याकडे घोळ होतो तो ‘खुराक’ या शब्दापाशी. थंडाई, तूप, बदाम हा खुराक पैलवानाला पचतो, कारण पहाटेपासून जोर-बैठका आणि लढतीत तो तेवढं जाळतो. तासभर जिम करून गाडीवरून घरी जाणाऱ्याने तोच धरला की छातीआधी पोट पुढे येतं. ५० ग्रॅम बदामात प्रोटीन जेमतेम १० ग्रॅम, कॅलरी मात्र ३०० च्या आसपास. तुपात तर प्रोटीन नाहीच.

दुसरा घोळ वाटीचा. पातळ वरणाच्या वाटीत तूरडाळ असते २० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन साडेचार ग्रॅम. तांबड्या रश्श्याच्या पाच वाट्या ओरपल्या तरी प्रोटीन फोडींतच राहतं! म्हणून कडधान्य नेहमी कोरडं असतानाच मोजा. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात २४ ग्रॅम प्रोटीन. शिजून पाणी प्यायलेल्या १०० ग्रॅम मसुरात नऊच. सोयाबीन वडीचंही तेच. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५२, पण भिजवून वजन केलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. पाकिटावरचा आकडा कोरड्याचा असतो आणि लोक तो भिजलेल्या वडीला लावतात.

आता अंडं-मटण न खाणाऱ्याचे १०४ ग्रॅम कसे जमवायचे? अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी (प्रत्येकी ६० ग्रॅम पीठ) १२, ६० ग्रॅम मसुराचा अख्खा मसूर १४, वाटीभर दही ५. व्यायामानंतर ५० ग्रॅम सोयाबीन वडी २६. रात्री पुन्हा दोन भाकरी आणि ५० ग्रॅम मटकीची उसळ, मिळून २४. झाले १०६, पावडरचा डबा न उघडता. मसूर नको असेल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या, प्रोटीन किंचित कमी. आणि भाकरीला कमी लेखू नका: लायसिन आणि मेथिओनिन हे प्रोटीनचे घटक. ज्वारीत लायसिन कमी असतं ते कडधान्य भरून काढतं, कडधान्यात मेथिओनिन कमी असतं ते धान्य भरून काढतं.

अंडी खाणाऱ्याचं काम सोपं. एका अंड्यात ६ ग्रॅम. पिवळं फेकून देण्याची फॅशन मला पटत नाही, अंड्यातलं जवळजवळ निम्मं प्रोटीन त्यातच असतं. हाडासकट पाव किलो चिकन घेतलं तर तीसेक ग्रॅम धरा.

सगळं रात्रीच्या ताटावर ढकलू नका. तीन-चार वेळा २५ ते ३० ग्रॅम असं वाटलेलं बरं. व्यायाम संपल्याबरोबर शेक ढोसण्याची घाई मात्र उगाच. दोन तासांनी जेवलात तरी चालतं.

एकदम ५० वरून १०० ग्रॅमवर उडी मारली तर पोट गुबारणार. दर आठवड्याला १५-२० ग्रॅम वाढवा. कडधान्य आठ तास भिजवा, ते पाणी ओता, मोड आणून शिजवा. घरात मधुमेह किंवा बीपी असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने हा हिशोब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये.

पावडर घ्यायचीच झाली तर एका स्कूपचं वजन आणि त्यातलं प्रोटीन हे दोनच आकडे वाचा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ असेल तर ठीक. ‘मास गेनर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन वाढवायच्या पावडरीत बहुतेक साखर आणि स्टार्चच भरलेला असतो, त्यापेक्षा दूध-केळं स्वस्त पडतं.

चार आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी वजन करा. नवख्याचं महिन्याला अर्धा ते एक किलो वाढायला हवं. प्रोटीन पुरेसं असूनही काटा हलत नसेल तर आधी व्यायामाच्या वहीत बघा, बैठका मारताना खांद्यावर घेतलेलं वजन महिन्याभरात वाढलंय का. ते वाढलं असेल तर कमी पडतंय ते एकूण जेवण. तेव्हा पावडर नव्हे, एक भाकरी वाढवा.