तुम्ही विचारलंत म्हणून: हा वडाभात कुणाचा?

ऑफिसात डबा उघडला की पहिला प्रश्न ठरलेला: "आईच्या हातचं का?" माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी डबा आईचा असावा, निदान कृती तरी आईची असावी, असं सगळ्यांना वाटतंच. "नाही, बाबांची" म्हटलं की समोरचा हात घासासकट थांबतो आणि दुसरा प्रश्न येतो: "म्हणजे तुमच्या घरी पुरुष स्वयंपाक करतात?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बसून नीट उत्तर द्यावं म्हटलं.

करतात. पण तेवढंच सांगून गप्प बसले तर ती शुद्ध थाप होईल.

आधी आबाजी, म्हणजे बाबांचे वडील. उभ्या आयुष्यात त्यांनी घरच्या चुलीला हात लावला नाही. पाण्याचा गिलाससुद्धा हातात द्यावा लागायचा. पण नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या वाटेवर त्यांचं शेत होतं आणि तुरी निघाल्या की बांधावरच्या मारुतीपुढे रोडग्यांचा स्वयंपाक व्हायचा. तो सगळा त्यांचा. त्या दिवशी बायकांनी विस्तवाजवळ फिरकायचं नाही. त्यात धर्म-बिर्म काही नव्हता, आबाजींचा कारभार होता, बस.

रोडगा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू जाडसर दळायचा, कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं सढळ मोहन घालून घट्ट भिजवायची. लहान लहान तीन-चार पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेलाचं बोट फिरवून एकीवर एक ठेवायच्या आणि मोठ्या पुरीत बांधून त्यांचा गोळा करायचा. गोवऱ्या पेटवायच्या, पण लगेच गोळे टाकायचे नाहीत. ज्वाळ बसली, धूर संपला, निखाऱ्यावर राखेची साय धरली की मग. हेच पळसाच्या पानात गुंडाळून भाजले की आमच्याकडे पानगे. आबाजी काठीनं एकेक गोळा फिरवत बसायचे आणि मधूनच एखादा बाहेर ओढून बोटाच्या पेरानं ठोकायचे, बाजारात मडकं घेताना ठोकतात तसा. भद्द वाजला तर परत आत. पोकळ वाजला तर झाला. मग सगळे रोडगे गोणपाटात घालायचे, दोघांनी टोकं धरून झुलवायचे, राख झडून जाते. फोडला की आत पदर सुटलेले, त्यावर वाटीनं तूप, बाजूला वरण आणि गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, वांग्याची भाजी. त्या भाजीत भिवापुरी मिरचीचं तिखट असायचं. या मिरचीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. आबाजी असते तर म्हणाले असते, "आपल्या मिरचीले कागद कायले पाहिजे?"

माझ्या जिभेला आजही रोडगा म्हटलं की त्या दिवसाचीच चव आठवते. पण गहू कुणी निवडला? दळून कुणी आणला? गोवऱ्या वर्षभर कुणी थापल्या? वांगी कुणी धुतली-चिरली, वरण कुणी घरून शिजवून पाठवलं? पंगत उठली की ती राखेनं भरलेली धोतरं कुणी धुतली? गावात मात्र नाव आबाजींच्या रोडग्यांचं. मी नऊ-दहा वर्षांची असताना हे आजीला विचारलं होतं. ती हसली. "त्यायचा एक दिवस असते, बाई. राहू दे."

मामाचं थोडक्यात उरकते. मामा नागपुरात गोळीबार चौकाजवळ राहायचा. तो भाग विणकर कोष्ट्यांचा. सावजी मटण हे मुळात त्यांच्या घरचं जेवण, जवसाच्या तेलातलं. पाट्या आणि हॉटेलं नंतरची. मामा त्या समाजातला नव्हे, पण शेजारच्या घरात बसून बसून शिकला. धने, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, शहाजिरं, मिरे, लवंग, सगळं वेगवेगळं भाजायचा आणि मसाला वाटताना सगळ्यांना स्वयंपाकघरातून हाकलायचा, जणू काही सोन्याचं सूत्र आहे. माझं मत विचाराल तर त्यात गुपित काहीच नव्हतं. तेल होतं. वाटीभर नाही, गंजाच्या काठाला लाल तर्री लागेल इतकं. सोमवारी मामी भिंतीवरचे डाग घासत असायची. भावाचं तर्री पोह्यांवर प्रेम आहे; पुण्याला राहतो, दर रविवारी हरभऱ्याच्या तर्रीचा फोटो पाठवतो. फोटोची चव काय सांगणार?

आता बाबा.

बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर (मुकादम) होते. मी आठवीत असताना गिरणीला कुलूप लागलं. आई शिक्षिका, तिची सकाळची शाळा. ती सव्वासहाला सायकल काढायची आणि बाबा ओसरीवर पेपर घेऊन बसायचे. तोच पेपर बाराला, तोच तीनला. आई परत येऊन कुकर लावायची तेव्हा आम्ही दोघं भावंडं भुकेनं चिडचिडी झालेली असायचो. मग एका पावसाळ्यात आईला ताप आला, आठवडाभर उतरेना, आणि बाबांनी खिचडी लावली. खाली लागली. दुसऱ्या दिवशी परत लावली.

आम्ही नागपूरच्या महाल भागात एका वाड्यात राहायचो. एकाचं स्वयंपाकघर दुसऱ्याच्या ओसरीसमोर. बाबा आत गेले की दार लोटून घ्यायचे. पण कुकरच्या शिट्टीला कसली लाज? समोरच्या काकू नळावर भांडं ठेवून विचारायच्या, "काऊन भाऊजी, आज वहिनी घरी हाय का?" आई शाळेत आहे हे त्यांना चांगलं माहीत असायचं. दाराची ही लपाछपी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालली. कुणाच्या धाडसानं वगैरे ती संपली नाही. नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. मे महिन्याच्या शेवटी नागपुरात दार लावून चुलीपुढे उभं राहून दाखवावं कुणी! तेव्हापासून दार उघडं राहिलं.

बाबा शिकले कसे, तर वही ठेवून. गिरणीतल्या हजेरीची एक जुनी वही होती, मागची पानं कोरी. त्यात ते यंत्राचा बिघाड लिहावा तसं लिहायचे. "मंगळवार. वरणात पाणी जादा. शिट्ट्या 4 नको, 3." "भेंडी चिकट. धुऊन लगेच चिरली, म्हणून." "पोळी: नकाशा." ती वही आता माझ्याकडे आहे. आबाजींच्या रोडग्याचं किंवा मामाच्या मटणाचं माप कुणाला सांगता येणार नाही; 'अंदाजानं' हा पंगतीतल्या आचाऱ्याचा थाट असतो. ज्याला उद्या पुन्हा तेच शिजवायचंय तो माप लिहून ठेवतो.

तर वडाभात, वहीत आहे तसा. चहापत्तीच्या डब्याचं झाकण हे माप. चण्याची डाळ दोन झाकणं, तुरीची एक, मुगाची एक, उडदाची अर्धं. चार-पाच तास भिजवून पाणी पूर्ण निथळायचं. वाटताना पाण्याचा थेंब नाही. वाटणात पाणी पडलं की वडा तेल पितो. डाळ जाडीभरडी ठेवायची, अधूनमधून अख्खा दाणा दिसला पाहिजे. लसूण, अद्रक, हिरव्या मिरच्या, जिरं, हिंग, हळद, मीठ आणि मूठभर सांबार. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याची एक पाहुणी वड्यात सांबार आहे ऐकून इडली कधी येते याची वाट बघत बसली होती.) ओल्या फडक्यावर चपटे वडे थापायचे आणि मध्यम आचेवर तळायचे, घाई केली तर आत कच्चे राहतात. भात मोकळा. त्याच तळणीच्या तेलात मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्या. ताटात गरम भात, त्यावर वडा हातानं कुस्करायचा, वरून पळीनं फोडणीचं तेल, आणि वाटीत पातळ कढी. चमच्यानं खाणाऱ्यांना मी वाढत नाही.

वडाभात हा लग्नाकार्यातला पदार्थ. आमच्याकडे दर रविवारी व्हायचा आणि मला वाटायचं, काय चैन आहे आपली! वही हातात आली तेव्हा डाव्या बाजूचा हिशेब पहिल्यांदा वाचला. डाळी आबाजींच्या शेतातून यायच्या, तांदूळ आईच्या माहेरून, भंडाऱ्याकडून. विकत घ्यायचं फक्त तेल. ज्या रविवारी वडाभात, त्या आठवड्याच्या भाजीपुढे रेघ. उन्हाळ्यात तर लागोपाठ चार रेघा.

आणि आई? तिनं कधी तोंडभरून कौतुक केलं नाही. सोमवारी उरलेले वडे डब्यात घेऊन शाळेत जायची. शिक्षकांच्या खोलीत तिलाही हाच प्रश्न यायचा, कुणी केले म्हणून. "मीच केले, रात्री जागून," असं ती तीन वर्षं सांगत राहिली. गिरणी बंद झाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा घरी वडे तळतो हे त्या खोलीत बोललं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. एकदा एका बाईंनी तिला कृती लिहून मागितली. आईनं घरी येऊन बाबांसमोर कागद ठेवला. बाबांनी मुकाट्यानं, वळणदार अक्षरात, उतरवून दिली. खाली नाव आईचं घातलं.

त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. मी मात्र नोकरीला लागल्यापासून डबा उघडताना "बाबांची कृती" हे जरा मोठ्यानंच सांगते. समोरचा विचारायच्या आधीसुद्धा.

बाबा आता शहात्तरचे आहेत. तळणापुढे उभं राहवत नाही, खुर्चीवर बसून सूचना देतात. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन वडाभात केला. आईनं दोनदा घेतला. बाबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"ऑफिसात नेते काय तू हा?"

"नेते ना."

"कोणाचा म्हणून सांगते?"

"तुमचा सांगते, बाबा."

त्यांनी ताटातला भात बोटानं जरा बाजूला केला. खाली तेल दिसलं नाही.

"फोडणी कमी पडली," ते म्हणाले. "असा नेशील त्या दिवशी आईचा सांगत जाय."