रेफरी विकलेले असतात का?

"तुमच्या त्या कॉलेजच्या मॅचमधले रेफरी खरंच विकलेले असतात, की हरलात की तुम्ही लोक बोंब मारता?" मराठी मंडळाचा गणपती असो, ऑफिसातलं जेवण असो किंवा कोल्हापूरहून आलेला व्हिडिओ कॉल, हा प्रश्न मला हमखास येतो. मी अमेरिकेतल्या रॅली शहरात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात एमएस करायला आलो, नोकरीही इथेच लागली, आणि लाल शर्ट घालून बास्केटबॉल बघायला जायची सवय काही सुटली नाही. तेव्हा मी तटस्थ साक्षीदार नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विकलेले नसतात. पक्षपाती असतात. पण त्यांचा कल जिकडे असतो असं आम्हाला वाटतं, तिकडे तो बहुतेक वेळा नसतो.

आधी आमची तक्रार ऐका. आमचं स्टेट, ड्यूक आणि चॅपल हिलची कॅरोलायना ही तिन्ही विद्यापीठं एकमेकांपासून गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. कॅरोलायनाकडे सहा राष्ट्रीय विजेतेपदं, ड्यूककडे पाच, आमच्याकडे १९७४ आणि १९८३ ची दोन. तिघंही खेळतात एसीसी या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, आणि रेफरी नेमते ती कॉन्फरन्सच. आता या कॉन्फरन्सचे आयुक्त १९९७ ते २०२१ कोण होते? जॉन स्वॉफर्ड. त्याआधीची सतरा वर्षं ते कुठे होते? कॅरोलायनाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख. स्टेटच्या माणसाला एवढं पुरतं, पुढचं गणित तो स्वतः करतो. त्यात फेब्रुवारी २०१२ मध्ये आमच्याच मैदानावर फ्लोरिडा स्टेटविरुद्धच्या सामन्यात एका रेफरीने टॉम गुग्लिओटा आणि ख्रिस कोर्कियानी या आमच्या दोन जुन्या दिग्गजांना प्रेक्षकांतून उठवून पोलिसांकरवी बाहेर काढलं. का, तर ते त्याच्यावर ओरडत होते! नंतर ठरलेली पद्धत पाळली नाही म्हणून कॉन्फरन्सने त्याला जाहीर समज दिली, पण रॅलीत आजही तो विषय निघाला की जेवण गार होतं.

आता मैदानात चला. आमचा खेळाडू मुसंडी मारून बास्केटकडे झेपावतो, समोरचा छाती पुढे करून आडवा येतो, धडक होते आणि समोरचा असा पडतो की ट्रकनेच उडवलाय. हा ब्लॉक की चार्ज? म्हणजे चूक अडवणाऱ्याची की घुसणाऱ्याची? पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२३-२४ पासून नियम असा आहे की घुसणाऱ्याने उडीसाठी पाऊल टेकवण्याआधी अडवणाऱ्याने आपली जागा घेतलेली हवी. शिवाय बास्केटखाली चार फुटांची कमान आखलेली असते. मदतीला धावून आलेला बचावपटू तिच्या आत असेल, तर त्याला चार्ज मागता येत नाही. रेफरीने एका नजरेत बघायचं काय काय? एकाचं पाऊल, दुसऱ्याची छाती आणि जमिनीवरची रेघ. शिट्टी वाजते, मूठ वर जाते, आणि मग तो जीवघेणा अर्धा क्षण येतो. हात डोक्यामागे गेला तर चार्ज, दोन्ही हात कमरेवर आले तर ब्लॉक. त्या अर्ध्या क्षणात आमच्या स्टँडमधला प्रत्येकजण, आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत, कमरेवर हात ठेवून रेफरीकडे बघत किंचाळत असतो. त्याला उत्तर सुचवायला!

आणि हे सुचवणं लागू पडतं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या चाळीस रेफरींना लिव्हरपूलच्या एका सामन्याची चित्रफीत दाखवली होती, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना मुकी. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले होते. क्रिकेटने यजमान देशाच्या अंपायरांवर तोडगा म्हणून तटस्थ अंपायर आणले. इथले रेफरी तर आधीपासून तटस्थच आहेत. ते कुठल्याही विद्यापीठाचे नोकर नाहीत, सामन्यागणिक मानधन घेतात, आज रॅलीत तर उद्या भलत्याच राज्यात. पण कान बरोबरच घेऊन फिरतात ना.

याहून मजेशीर गोष्ट कॉलेज बास्केटबॉलवरच्याच एका अभ्यासात सापडते. अँडरसन आणि पिअर्स या दोघांनी २००४-०५ च्या मोसमातले ३६५ सामने तपासले. यजमानांना झुकतं माप मिळतं, हे त्यात दिसलंच. पण एका संघाचे फाऊल जितके जास्त साठतात, तितकी पुढचा फाऊल दुसऱ्या संघावर जाण्याची शक्यता वाढते, हेही दिसलं. शिवाय आघाडीवर असलेल्या संघावर शिट्टी जास्त वाजते. म्हणजे तराजू समतोल ठेवायची धडपड. ऐकायला न्याय्य वाटतं, पण याचा फायदा कोणाला होतो बघा. जो संघ प्रत्येक वेळी ओरबाडतो, धरतो, ढकलतो, त्याच्या सगळ्या आगळिका पकडल्याच जात नाहीत, कारण आकडे फार विषम दिसायला लागतात. सभ्यपणे खेळणाऱ्याच्या खात्यात मात्र दोन-चार भुरटे फाऊल भर म्हणून पडतात. प्रशिक्षकांना हे कळत नाही असं समजू नका. मला खरा राग येतो तो याचा. आमच्याविरुद्धच्या एखाद्या शिट्टीपेक्षा हा हिशेब जुळवण्याचा प्रकार खेळाला जास्त नासवतो. मोसमभर धसमुसळेपणाला बक्षीस मिळत राहतं, आणि त्यावर कोणी बॅनर रंगवत नाही.

उलट कटाची गोष्ट रंगवायला सोपी. २०२४ चा मार्च आठवा. दहावं मानांकन असलेला आमचा संघ पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसीचा विजेता झाला, तोही अंतिम फेरीत कॅरोलायनाला ८४-७६ असं हरवून. १९८७ नंतर पहिल्यांदा. मग राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला ७६-६४ ने घरी पाठवलं आणि आम्ही अंतिम चारात. तेव्हा कट करणारे सुट्टीवर गेले होते का? आणि ज्या ड्यूकला सगळं मिळतं म्हणतात, त्याच ड्यूकच्या काइल फिलिपोव्स्कीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियाविरुद्ध बरोबरीत असताना शेवटच्या क्षणी फाऊल झाला. रेफरींनी व्हिडिओ बघून, वेळ संपली होती म्हणत तो रद्द केला. ड्यूक जादा वेळेत हरलं, आणि मग कॉन्फरन्सने कबूल केलं की दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायच्या दोन संधी, द्यायला हव्या होत्या. रॅलीत त्या रात्री कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं नाही.

दिसणार कसं? १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा एक हाणामारीचा सामना झाला. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना नंतर तीच फिल्म दाखवली, तर प्रिन्स्टनवाल्यांना डार्टमथच्या चुका डार्टमथवाल्यांच्या दुपटीहून जास्त दिसल्या. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचा फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

रागाला हद्द असावी, हे मात्र मी आमच्या लोकांनाही सुनावतो. २०१७ मध्ये केंटकी विद्यापीठ कॅरोलायनाकडून ७५-७३ असं हरलं. त्या सामन्यातल्या एका रेफरीचा ओमाहाकडे छपरांच्या कामाचा धंदा होता. चाहत्यांनी त्याचे नंबर शोधून काढले, फोनवर फोन केले, धमक्या दिल्या आणि ज्यांचं छप्पर त्याने कधी बघितलंही नव्हतं अशांनी खोटे अभिप्राय टाकून त्याचं रेटिंग पाडलं. तो केंटकीच्या एका क्रीडा रेडिओविरुद्ध कोर्टात गेला. २०२० मध्ये अपील न्यायालयातही हरला, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर. कायद्याने ते बरोबर असेलही. माणूस म्हणून मला लाज वाटते.

२०२५-२६ पासून पुरुषांच्या सामन्यांत प्रशिक्षकांना दाद मागायची सोय झाली आहे. चेंडू कोणाला लागून बाहेर गेला, बास्केटपाशी कोणी बेकायदा हात घातला का, बचावपटू कमानीच्या आत होता का, एवढ्यापुरतीच. फाऊल होता की नव्हता, हे त्यात येत नाही. एनबीए ही इथली व्यावसायिक लीग २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतला एकेक निर्णय बरोबर की चूक ते दुसऱ्या दिवशी छापते. कॉलेजचा बास्केटबॉल टीव्हीकडून अब्जावधी डॉलर घेतो, त्यालाही हे परवडेल. फक्त फार गाजावाजा झाला की एखादं पत्रक काढायचं आणि एरवी गप्प बसायचं, ही पद्धत सोडावी लागेल. छापलं तरी आम्ही ओरडूच, पण निदान ओरडताना हातात कागद असेल.