टाकी फुल असली की पळणारी गाडी

सोलापुरात तुळजापूर रोडला माझं गॅरेज आहे. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल सिस्टीमच्या) आधीच्या गाड्या करतो मी, म्हणजे ज्यांना बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडायला जागाच नाही अशा. मे महिन्यात एक केस आली होती, ती अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय.

२००२ सालचा ट्रक, सहा सिलिंडर, इनलाइन पंप (नोझलला दाबानं डिझेल देणारा मोठा पंप). मालक आणि ड्रायव्हर एकच, साठीला टेकलेले, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. होटगीकडनं सिमेंट भरायचं आणि लातूरला नेऊन टाकायचं हा त्यांचा नेहमीचा धंदा. गाडी उभी करून खाली उतरता उतरताच बोलायला लागले, "मिस्त्री, तुळजापूरचा घाट चढंना झालीय ओ. सपाटीला बरी चालती, चढाला लागली की दम सोडती, सेकंड टाकला तरी बंद पडती." त्याआधी दुसरीकडं पंप उतरवून, खोलून, कॅलिब्रेशन करून आणलेला, त्यात सोळा हजार गेलेले, आणि आता त्यांना सांगितलं होतं की अख्खा पंपच बदलावा लागंल. दोन खेपा बुडाल्या होत्या आणि मामांचा चेहरा एकदम उतरलेला होता.

मी आधी धूर बघतो. लोडवर गाडी ओढत नाही आणि काळा धूर ओकते, तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय किंवा नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) नीट फवारा मारत नाहीत. ह्या गाडीला दमही नव्हता आणि धूरही नव्हता. म्हणजे डिझेलच पोचत नव्हतं. अशा वेळी पंपावर हात टाकायच्या आधी पंपाला खायला मिळतंय का ते बघायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी बघितलं नव्हतं याचा मला खरंच राग आला, कारण पैसे त्या माणसाचे गेले ना.

दोन्ही फिल्टर बदलले, फीड पंपाची (टाकीतनं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी काढली तर तिच्यात चिमूटभर गंज होता, ती धुतली, व्हॉल्व्ह बघितले, ठीक. बॅन्जो बोल्टची (नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं नवी टाकली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड पंप मारला तर साबणाच्या फेसासारखं पांढरं डिझेल आलं, मग स्वच्छ धार लागली. एअर होती तर. काढली, गाडी मस्त स्टार्ट झाली, आणि संध्याकाळी एक चक्कर मारून आणली तर परत तेच.

आता जरा नीट सांगतो. टाकीतनं फीड पंप डिझेल ओढतो, पुढं फिल्टर, मग मोठा पंप, मग नोझल. फीड पंपाच्या पुढं कुठं फट असली तर डिझेल बाहेर गळतं, डोळ्याला दिसतं. पण मागं, ओढायच्या बाजूला फट असली तर थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते, आणि बाहेरनं नळी कोरडी ठणठणीत. हवा दबते, डिझेल दबत नाही, त्यामुळं एअर असली की पंपानं कितीही जोर लावला तरी नोझल उघडायला लागणारं दोनशे बारच्या वरचं प्रेशर बनतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फीड पंपाच्या अलीकडं वीतभर पारदर्शक नळी बसवली. इंजिन नुसतं हळू चालू असताना काहीच नाही. पोराला एक्सलेटर दाबायला सांगितला आणि मी खाली वाकून बघत होतो, तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक पळायला लागले, पाय काढला की थांबले. मग पाच लिटरचा कॅन केबिनला वर टांगला, नळी त्यात सोडली, टाकी बाजूला. एकही बुडबुडा नाही, इंजिनचा आवाजच बदलला. म्हणजे पंप निर्दोष. टाकीपासनं येणारा होज (रबरी पाइप) नवा टाकला, परत टाकीला जोडलं, परत बुडबुडे!

तिथं मी अडकलो. ऊन बेचाळीसच्या पुढं, डोकं चालंना, चहा मागवला. चहा पिताना मामा सहज बोलले, "टाकी फुल केली की लातूरपर्यंत नव्या गाडीगत पळती बघा. सकाळी मात्र पन्नासेक हँड पंप मारल्याशिवाय उठत नाय, फुल असली तर लगेच उठती."

कप तसाच ठेवला मी. टाकीतली उभी नळी, जिच्यातनं डिझेल वर ओढलं जातं ती!

टाकीवरचे बोल्ट खोलून नळी वर ओढली. मधोमध, आतल्या क्लिपला घासून घासून एक बारीक चीर पडलेली, नखाला लागायची पण डोळ्याला दिसत नव्हती. खालचं तोंड अंगठ्यानं बंद केलं, नळी पाण्याच्या बादलीत बुडवून वरनं फुंकली, तर चिरीतनं बुडबुड्यांची माळच निघाली. टाकी भरलेली असली की चीर डिझेलखाली बुडते, मग तिच्यातनंही डिझेलच ओढलं जातं, काही कळत नाही. लेव्हल चिरीच्या खाली गेली की हवा ओढायला सुरुवात, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की लाइनमधलं डिझेल त्याच वाटेनं टाकीत उतरतं, म्हणून सकाळचे ते पन्नास हँड पंप. पंप करून आणला तेव्हा ट्रायलला टाकी फुल केली होती, म्हणून सगळ्यांना वाटलं काम झालं.

नळी बाहेरच, टाकीपासनं लांब नेऊन ब्रेझिंग केली, म्हणजे गॅसवर पितळेनं सांधली (टाकीजवळ गॅस पेटवायचा नाही, टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते), क्लिप रबर घालून घट्ट बसवली. सगळं मिळून हजारही झाले नाहीत.

पण मला ट्रायल हवी होती, तीही टाकी मुद्दाम पाव ठेवून. मामा सिमेंट भरून आले, मी शेजारी बसलो. घाट लागला तसे मामा गप्प झाले, मीही. सेकंडला टाकली, एकसारखा आवाज, आरशात हलका काळा धूर दिसला आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. गाडी एका दमात वर आली. मामांनी बाजूला घेतली, टाकीत काठी घालून बघितली, चार बोटं डिझेल होतं. त्यांनी देवीच्या दिशेनं हात जोडले आणि मग माझा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले, बोलले काहीच नाहीत.

मामा पुढं लातूरला गेले, मी तुळजापूरवरनं एसटी पकडून परत आलो.